खोकल्यासकट हाक

नियम असा ठरला होता: शनिवारपर्यंत नानिबाला कोणी हसवायचं नाही.

गालाला बोट लावायचं नाही. तोंड वेडंवाकडं करायचं नाही. शिंक आलीच तर पाठ फिरवून शिंकायचं. तीन महिन्यांची पोर, हसू अगदी ओठांशी येऊन बसलेलं, आणि बाळाला पहिल्यांदा जो हसवतो त्याच्या स्वभावावर बाळ जातं, हे कोणाला सांगायला नको. हसवणाऱ्यानेच मग मेंढी कापायची, सगळ्यांना जेवू घालायचं आणि बाळाच्या मुठीतून एकेकाच्या हातावर खडेमीठ ठेवायचं. म्हणून माणूस बघून घ्यावा लागतो.

माणूस ठरला होता. ग्लेनाबा. बाजाराच्या दिवशी भाजलेलं मटण विकणारी, गिऱ्हाइकाला एक तुकडा जास्तच वाढणारी, दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाईल असं हसणारी. तिने मेंढी निवडून ठेवली होती. मीठही आणलं होतं. शनिवारी सकाळी ती येणार, बाळाला मांडीवर घेणार आणि हसवणार.

ग्लेनाबाचा मेहुणा, म्हणजे नानिबाचा पणजा हॉस्की, हा नियम सगळ्यांत कडक पाळत होता. पणती झाल्यापासून त्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. ती खोलीत आली की हा टोपीची कड खाली ओढून कॉफीत बघत बसायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि आख्ख्या पठारावर त्याची ख्याती एकच: बंद डबा. बायको होती तेव्हा म्हणायची, यांच्याकडून एक शब्द काढायला दोन कप कॉफी लागते आणि तो शब्दही ‘हं’ असतो.

पोर कोणावरही जावो. फक्त माझ्यावर नको. हॉस्कीला एवढंच पाहिजे होतं.

आणि आणखी एक गोष्ट पाहिजे होती. त्यासाठीच गुरुवारी सकाळी तो ट्रकमध्ये चढला.

•

ट्रकमध्ये पुढे तिघे. गाडी चालवणारा डॅरेल, मध्ये त्याची बायको शांडीन, दाराशी हॉस्की. शांडीनच्या मांडीवर आडवी पाळणाफळी, तीत नानिबा दोऱ्यांनी घट्ट बांधलेली, डोक्यावर वाकवलेल्या लाकडाची कमान.

“आजा, तू सत्तर वर्षांत एकदाही गेला नाहीस तिकडे?”

“नाही.”

“घरापासून सात मैल!”

“हं.”

“आजोबा, तुमचं कोणाशी भांडण झालंय का तिथं?” डॅरेल म्हणाला. “खडकाशी?”

“रस्त्याकडे बघ.”

“रस्ता कुठाय? रस्ता दिसला की बघतो.”

शांडीनला हसू फुटलं. तिने झटकन तोंडावर हात घेतला आणि मांडीवर पाहिलं. नानिबा काळेभोर डोळे वर लावून लाकडी कमानीला टांगलेला निळा मणी बघत होती. गंभीर. एखाद्या पंचासारखी.

“वाचलो,” डॅरेल म्हणाला. “माझ्यावर गेली असती तर जन्मभर माझ्यासारख्या पाण्याच्या टाक्या वाहिल्या असत्या पोरीने.”

“तू गप बस. तुझ्या जोकला मोठी माणसं हसत नाहीत, ती काय हसतेय.”

“मग तू आत्ता कशाला हसलीस?”

“दया आली म्हणून.”

टेकाडावर फोनला रेंज आली आणि फोन लगेच वाजला. आख्ख्या रस्त्यात तेवढीच एक जागा, पण ग्लेनाबाला ती नेमकी सापडायची.

“हसली का गं?”

“नाही आजी.”

“खबरदार. मी मेंढीला सांगून ठेवलंय. दाजी कुठायत?”

“इथंच आहेत.”

“त्यांची भीती नाही,” ग्लेनाबा म्हणाली, तेही सगळ्या ट्रकला ऐकू जाईल असं. “त्यांना बघून कोण हसणार!”

हॉस्कीने खिडकीबाहेर पाहिलं. पिवळ्या फुलांनी झुडपं माखली होती. सप्टेंबर संपत आला की ही अशी पेटायची. त्या वर्षीही पेटलेली होती.

•

ते वर्ष सत्तर वर्षांपूर्वीचं.

तो सात वर्षांचा आणि त्याची थोरली बहीण चौदा. तिचं नाव घ्यायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला मागे ओढू नये. म्हणून ते इथेही नाही.

उन्हाळाभर दोघं चाळीस शेळ्या घेऊन आरपार खडकापाशी राहायची. लाल खडकाची एक भिंत, तिच्या पोटात एवढं मोठं भोक की पलीकडचं आभाळ वेगळं वाटावं. वारा आणि वाळू यांनी कोरलेलं. माणसांनी त्या कमानीखालून प्रार्थनेशिवाय जायचं नाही. शेळ्या जायच्या.

“त्यांना चालतं?” त्याने विचारलं होतं.

“त्यांना प्रार्थना येत नाही,” ती म्हणाली. “आणि तुला येते ती अर्धीच येते. तू इथेच थांब.”

मग ती हाक काढायची. घशातून सुरू होऊन जिभेवर घरंगळत जाणारी आणि शेवटी वर जाऊन तुटणारी: हुर्रर्रर्र-ईऽप! हाक कमानीतून पलीकडे जायची, समोरच्या कड्याला लागायची, परत यायची, आणि मागोमाग शेळ्या. आई सांगायची, तुला पहिल्यांदा हिनेच हसवलं, याच हाकेने. म्हणून तू असा खिदळतोस दिवसभर. हो. हॉस्की दिवसभर खिदळायचा. हे आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

त्या उन्हाळ्यात तिने त्याला हाक शिकवली. तो तिच्या तोंडाकडे बघून शिकला, जसंच्या तसं: आधी घरघर, मग मध्ये एक छोटासा खोकला, मग वरचा ईऽप. त्याची ती पहिली सबंध हाक ऐकून ती आधी हसली, मग दगडावर बसली, मग हसायची थांबली.

“खोकला कशाला घातलास मध्ये?”

“तू घालतेस ना.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरोबर. तसंच असतं ते.”

•

डॅरेलने ट्रक ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभा केला. पुढे चालायचं. हॉस्कीने गुडघ्यांवर हात ठेवून एकदा दम खाल्ला आणि बोट न करता ओठ पुढे काढून वाट दाखवली: तिकडून, त्या जुनिपरच्या झाडाच्या डावीकडून.

“आजोबा, मी हात देतो.”

“हात दिलास तर दोघं पडू.”

शांडीन पाळणाफळी उभी धरून मागून येत होती. वाळूत कोल्ह्याचे माग होते. डॅरेल ते बघून थबकला. कोल्हा वाट ओलांडून गेला की त्याच्या घरची माणसं परत फिरायची. हॉस्कीने माग वाकून पाहिले.

“कालचे आहेत. त्याचं काम झालं, तो गेला. चल.”

हे सबंध दिवसातलं त्याचं सगळ्यांत लांब बोलणं होतं.

दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाला तो थांबला.

खडक होता तिथेच होता. असणारच. पण हॉस्कीच्या मनात तो इतकी वर्षं इतका मोठा झाला होता की खरा दिसल्यावर आधी वाटलं, हा लहान आहे. मग त्याने कमानीच्या पायथ्याचं जुनिपर पाहिलं, ते केवढंसं दिसतंय ते पाहिलं, आणि तेव्हा खडक हळूहळू वाढून आपल्या मापावर आला. डाव्या पायावरचा काळा ओघळ. त्याखालचा चपटा दगड, ती बसायची तो. शेळ्यांच्या लेंड्या नव्हत्या. एकही नव्हती. एवढंच बदललं होतं.

त्याने कमरेची छोटी कातडी पिशवी सोडली, मक्याच्या परागाची चिमूट जिभेवर ठेवली, डोक्यावर ठेवली, पुढे उधळली. काहीतरी पुटपुटला. अर्धी नव्हे, सबंध प्रार्थना.

“आता कमानीखालून जायचं?” शांडीनने हळू विचारलं.

“नाही. आता तुम्ही जा.”

“कुठं?”

“मागे. त्या वळणापलीकडे. तिला घेऊन.”

“आजा, आत्ताच तर आलोय! तिला दाखवू तरी दे.”

“दाखवलंस. बघितलं तिने. जा.”

डॅरेल म्हणाला, “आजोबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

हॉस्कीने टोपी काढली. तो टोपी काढत नसे.

“मला एका माणसाला हाक द्यायची आहे,” तो म्हणाला. “देणं राहिलंय. पोर जवळ असली आणि हसली, तर ती माझ्यासारखी होईल. तिला लांब ने. तिला ऐकू येता कामा नये.”

शांडीनने फळी छातीशी धरली आणि नवऱ्याला कोपराने ढकललं.

•

कुणाला हाक, ते असं.

त्या सप्टेंबरात दुकानदाराचा ट्रक खालच्या रस्त्यावर आला. छातीच्या रोग्यांचं इस्पितळ होतं दूर शहरात, तिकडे बहिणीला नेणार होते. हॉस्कीला तेवढंच सांगितलं: ती चालली, शेळ्या आता तुझ्या. चाळीस शेळ्या आणि तो सात वर्षांचा. तो रागावला. निरोप घ्यायला खाली गेला नाही. इथेच, या दगडामागे बसून राहिला.

ट्रक निघाला. वळणाशी आला तेव्हा मागच्या फळ्यांतून, ब्लँकेटात गुंडाळलेली ती उठून उभी राहिली असावी, कारण हाक सरळ आली. घरघर. खोकला. ईऽप. कमानीने ती पलीकडे नेली आणि परत आणली. शेळ्यांनी माना वर केल्या.

मग शांतता.

ती शांतता त्याच्यासाठी होती. हे त्याला तेव्हाही कळलं. आता त्याने उलट हाक द्यायची होती, रोज द्यायचा तशी. त्याने ओठ आत घेतले आणि दातांनी धरले. ट्रकचा आवाज बारीक होत गेला, आणि नाहीसा झाला, तरी त्याने ओठ सोडले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात ती तिकडेच गेली.

आणि खोकला हाकेतला नव्हता हे त्याला दहाव्या वर्षी कळलं. शाळेत नर्सने सगळ्या पोरांच्या छातीला नळी लावली, विचारलं, घरात असं कोणी खोकायचं का? आणि तिने खोकून दाखवलं. अगदी तसंच.

•

वळणापलीकडे काय झालं, याचे साक्षीदार तीन.

डॅरेलचं म्हणणं: “मी फळी खडकाला टेकवून उभी केली. नानिबाचं तोंड आमच्याकडे. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत नव्हतो, शपथ. मी तर ढेकरसुद्धा गिळला. मग तो आवाज आला. तो आजोबांकडून आला नाही! आमच्या मागच्या कड्यातून आला, डोक्यावरून. हुर्रर्र, मग मध्ये कोणीतरी ठसका लागल्यासारखं, मग ईऽप. मला वाटलं कड्याला पडसं झालंय.”

शांडीनचं म्हणणं: “पहिल्या हाकेला तिने डोळे मोठे केले. आजा थांबला. आम्हाला वाटलं, संपलं. मग दुसरी आली, पहिलीपेक्षा मोकळी. त्यातला खोकला आला आणि ती हसली. ईऽपला नाही, खोकल्याला. आधी हनुवटी हलली, मग सगळी हलली, दोऱ्या बांधलेल्या म्हणून नाहीतर उडालीच असती. आणि आवाज! एवढुशा पोटातून तो आवाज! मी तिच्या तोंडावर हात ठेवणार होते. नाही ठेवला. आई आहे मी.”

नानिबाचं म्हणणं कोणी विचारलं नाही. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत होती. तोंड उघडं ठेवून.

•

हॉस्की चपट्या दगडापाशी उभा होता. पहिली हाक घशात गंजलेली निघाली. सत्तर वर्षं मिटलेलं दार, बिजागरं बोलणारच. पण मध्ये खोकला आपोआप आला, त्याने घातला नाही, आणि त्यासरशी त्याला तिचे ओठ दिसले. नुसते ओठ. चेहरा कधीच पुसट झाला होता, पण ओठ कसे गोल करायची, ते दिसलं.

दुसरी हाक त्याने तिला दिली. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेली.

ती कमानीतून गेली. कड्याला लागली. परत आली, आणि तिच्याबरोबर आणखी एक आवाज आला. बारीक, ओला, तुटक तुटक. हॉस्कीला काही क्षण कळेना. त्याला वाटलं, शेळीचं पिल्लू. मग त्याला वाटलं, तीच हसतेय.

पण नाही. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि जमेल तेवढ्या वेगाने वळणाकडे चालू लागला.

डॅरेल आणि शांडीन दोघंही चोरी सापडल्यासारखे उभे होते.

“हसली?” त्याने विचारलं.

“हसली.”

“कोणी हसवलं?”

नवरा-बायकोंनी एकदम ओठ पुढे काढून दाखवलं. त्याच्याकडे.

“नाही,” हॉस्की म्हणाला. “मी इथं नव्हतो. खडकाने हसवलं.”

“मग खडकाला म्हणा मेंढी काप,” डॅरेल म्हणाला.

“डॅरेल!”

“नाही, सरळ विचारतोय. शनिवारी मीठ कोणाच्या हाताने द्यायचं? एवढा मोठा खडक आणायचा म्हणजे मोठी गाडी बघावी लागेल.”

हॉस्की खाली बसला. वाळूतच. गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्याने ऐकली नाही. नानिबाचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. बांधलेली, वर लाकडाची कमान, कमानीखाली दोन डोळे. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. शिकायला बसलेलं पोर बघतं तसं.

“माझ्यावर गेली,” तो म्हणाला. “एवढं सांभाळलं, आणि माझ्यावरच गेली.”

शांडीन त्याच्याशेजारी बसली.

“आजा, ती हाक तुझी आहे?”

“नाही.”

“खोकला?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग तुझं त्यात काय होतं?”

हॉस्कीने विचार केला. वळणावरून वारा आला, वाळू उडाली, शांडीनने हाताने बाळाचा चेहरा झाकला आणि परत उघडला.

“दम,” तो म्हणाला. “नुसता दम माझा होता.”

“झालं तर. दम गेला तिच्यावर. बाकीचं ज्याचं त्याचं.”

•

टेकाड. फोन.

“हसली का गं?”

शांडीनने फोन हॉस्कीच्या हातात दिला.

“हसली,” तो म्हणाला.

पलीकडे इतकी शांतता पसरली की डॅरेलने फोन लागलाय का ते वाकून पाहिलं.

“कोणी?” ग्लेनाबा म्हणाली. “त्या डॅरेलने ना? मला माहीत होतं. त्याचं तोंडच तसं आहे.”

“मी इथं आहे आजी,” डॅरेल म्हणाला.

“म्हणूनच बोलले. दाजी, खरं सांगा.”

“मेंढी माझी,” हॉस्की म्हणाला. “मीठ तू आणलंस ते दे. बाकी सगळं मी बघतो.”

“तुम्ही? तुम्ही हसवलंत?” मग ग्लेनाबा हसली, पठारभर ऐकू जाईल असं. हसता हसता मध्येच थांबली. “कशाने, दाजी?”

“शनिवारी सांगतो,” तो म्हणाला.

इतक्या शब्दांचं आश्वासन त्याने आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

•

शनिवारी चाळीसेक माणसं आली. मटण शिजलं, तेलात रोट्या फुगल्या, निळ्या मक्याची पेज झाली. हॉस्कीच्या अकरा मेंढ्यांतली सगळ्यांत धष्टपुष्ट मेंढी गेली. ग्लेनाबाने ती निवडताना पाहिली आणि चक्क काही बोलली नाही.

मीठ द्यायच्या आधी बाळ कसं हसलं ते रीतीप्रमाणे सांगावं लागतं. हॉस्की उभा राहिला. नानिबा त्याच्या डाव्या हातावर, फळीतून मोकळी. माणसं जेवता जेवता थांबली. हा बोलणार म्हणजे काय ते बघायला.

“माझी एक थोरली बहीण होती,” तो म्हणाला.

एवढं बोलून तो थांबला, पण ओठ आत घेतले नाहीत. थोड्या वेळाने पुढचं आलं. खडक, शेळ्या, ट्रक. नाव सोडून सगळं. कोणी त्याला तोडलं नाही. त्याच्या वयाची दोन माणसं तिथे होती, त्यांनी नजर खाली केली. त्यांना ती आठवत होती.

“हिला तिने हसवलंय,” तो शेवटी म्हणाला. “मी फक्त पोचवलं.”

मग रांग लागली. त्याने नानिबाची मूठ आपल्या मुठीत धरली आणि मिठाचे खडे एकेकाच्या तळहातावर सोडले. ग्लेनाबा शेवटी आली. मीठ जिभेवर ठेवून तिने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला.

“आता ती हाक ऐकवा. मला हरवणारी हाक कसली ते बघू तरी. माझ्या शेळ्या तिथं कुंपणात आहेत. बघू येतात का.”

“त्यांना ओळखीची नाही ती.”

“निमित्तं नकोत, दाजी.”

हॉस्कीने पणतीला कुंपणाकडे तोंड करून धरलं, ओठ गोल केले आणि हाक काढली. घरघर, खोकला, ईऽप.

ग्लेनाबाच्या तीस शेळ्यांपैकी एकीनेही मान वर केली नाही. नानिबा मात्र अशी हसली की हातातून सुटायला आली. मग पोरंसोरं सुरू झाली, मग डॅरेल, मग दोघी-तिघी म्हाताऱ्या. जो तो हुर्रर्र करू लागला आणि मध्ये खोकू लागला. सगळ्यांत मोठा आवाज अर्थात ग्लेनाबाचा. दोनदा करून झाल्यावर तिने छाती धरली.

“अहो दाजी, पण हा खोकला कशाला मध्ये?”

हॉस्की नानिबाच्या तोंडाकडे बघत होता. ओठ गोल होतायत का ते.

“तसंच असतं ते,” तो म्हणाला.